जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डियर : बर्फातून वाट काढणारा मेकॅनिक (मराठी निबंध, जीवनचरित्र)



आपल्या कळंब तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात जा आणि घरातल्या आजी-आजोबांना एक प्रश्न विचारा. पूर्वी पावसाळ्यात माणूस आजारी पडला तर त्याला दवाखान्यात कसं न्यायचे? बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळेल : बंडीत टाकून. बंडीत खाली कुटार अंथरायचं, त्यावर गोधडी आणि गोधडीवर आजारी माणूस. पांदण रस्ता म्हणजे नुसता काळ्या मातीचा चिखल. चाकं तुंब्यापर्यंत फसायची आणि बैल दमून उभे राहायचे. बंडीला ना स्प्रिंग ना शॉकअप. चाकोरीतून चाक उसळलं की धक्का सरळ आजाऱ्याच्या अंगात. पोटदुखीचा रोगी असेल तर तो प्रत्येक धक्क्याला ओरडायचा.

आज आपण ज्या माणसाची माहिती घेणार आहोत तो आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर, कॅनडात राहत होता. त्याच्या गावात असा चिखल नव्हता, बर्फ होता. पण अडचण अगदी आपलीच होती : रस्ता बंद, दवाखाना लांब आणि घरात आजारी लेकरू. त्याने त्यावर गाडी शोधली. तिला आज सगळं जग स्नोमोबाईल म्हणून ओळखतं. त्या माणसाचं नाव जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डियर.

जन्म आणि बालपण

जोसेफ-आर्मंड यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ रोजी कॅनडातल्या क्विबेक प्रांतात व्हॅलकोर्ट या छोट्या गावी झाला. या प्रांतात लोकांची बोली फ्रेंच आहे. वडील आल्फ्रेड आधी शेती करायचे, नंतर त्यांनी गावात किराणा-जिनसांचं दुकान टाकलं. आईचं नाव ॲना. आठ भावंडांत आर्मंड सगळ्यात थोरला.

त्या भागात वर्षातले चार-पाच महिने बर्फ असतो. तेव्हा रस्त्यावरचा बर्फ काढायची काही सोयच नव्हती. हिवाळा लागला की लोक आपल्या मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवायचे आणि थेट वसंत ऋतूतच बाहेर काढायचे. तोवर घोडे आणि घोड्यांनी ओढायची घसरगाडी यांवरच सगळा कारभार. खूप बर्फ पडला तर घोडाही पोटापर्यंत रुतायचा.

लहानग्या आर्मंडला यंत्रांचं भारी वेड. मोडक्या घड्याळांचे दातेरी चक्र काढून तो त्यांपासून चालणारी खेळणी करायचा. एकदा त्याने भंगारातल्या तुकड्यांतून छोटं वाफेचं इंजिन बनवलं आणि त्यावर आत्याचा सूत कातायचा चरखा फिरवून दाखवला. जवळच सेवाग्राम असलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट ऐकून गंमत वाटेल. चरखा हाताने फिरवतात हे आपण पाहिलंय, पण एका पोराने तो वाफेवर फिरवला!

आई-वडिलांची इच्छा मात्र वेगळी होती. थोरल्या मुलाने धर्मगुरू व्हावं असं त्यांना वाटायचं. म्हणून वयाच्या चौदाव्या वर्षी त्याला शेरब्रुक शहरातल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत घातलं. आर्मंड तिथे राहिला, अभ्यासही केला, पण मन लागेना. सुट्टीत घरी आला की पुन्हा हातोडी आणि पाना.

बर्फावरची पहिली गाडी

पोराचा हा नाद पाहून १९२२ साली वडिलांनी त्याला एक जुनी फोर्ड मोटार दिली. तिचं इंजिन बिघडलेलं होतं. दुसरा मुलगा असता तर त्याने चार दिवस खेळून ती टाकून दिली असती. आर्मंडने मात्र ती पूर्ण उकलली आणि इंजिन दुरुस्त केलं. मग धाकटा भाऊ लिओपोल्ड याला हाताशी धरून ते एका लाकडी घसरगाडीच्या मागच्या बाजूला बसवलं आणि इंजिनाच्या दांड्याला हाताने कोरलेला लाकडी पंखा जोडला.

३१ डिसेंबर १९२२. आर्मंड तेव्हा पंधरा वर्षांचा होता. दोघे भाऊ ती गाडी घेऊन बाहेर पडले. धाकटा पुढे बसून दिशा सांभाळत होता, थोरला मागे इंजिन सांभाळत होता. पंखा जोराने हवा मागे ढकलायचा आणि गाडी पुढे घसरायची. गावातून ती साधारण एक किलोमीटर गेली. माणसं घराबाहेर येऊन बघत राहिली.

वडिलांना आनंद होण्याऐवजी धडकी भरली. उघडा पंखा गरगर फिरतोय आणि त्याच्या आसपास पोरं! त्यांनी ती गाडी लगेच मोडायला लावली. मुलाने मोडली. पण घोड्याशिवाय बर्फावरून जाता येतं, ही गोष्ट त्या दिवशी त्याच्या डोक्यात पक्की बसली.

शिक्षण आणि गॅरेज

१९२४ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने धर्मशिक्षणाची शाळा सोडली आणि वडिलांना कसंबसं राजी केलं. जवळच्या गावातल्या एका गॅरेजमध्ये तो उमेदवारी करू लागला. नंतर मॉन्ट्रियल या मोठ्या शहरात गेला. दिवसा मेकॅनिकचं काम आणि रात्री यंत्रविद्येचे व विजेचे वर्ग असा त्याचा दिनक्रम होता. चांगली तांत्रिक मासिकं इंग्रजीत असायची, म्हणून तो इंग्रजीही शिकला. मुलांनो, इथे जरा थांबा. त्याच्याकडे इंजिनियरची मोठी पदवी नव्हती. जे लागेल ते तो शिकत गेला, आणि लागणाऱ्या गोष्टीसाठी भाषा आड येऊ दिली नाही.

१९२६ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तो व्हॅलकोर्टला परत आला. वडिलांनी कर्जाऊ पैसे दिले आणि त्यातून त्याने स्वतःचं गॅरेज उभं केलं. कामात हात इतका चोख की थोड्याच वर्षांत वडिलांचं कर्ज फिटलं. पंप असो, नांगर असो की मोटार, जे बिघडेल ते लोक त्याच्याकडे आणायचे. ७ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचं इव्होन लाब्रेक यांच्याशी लग्न झालं.

हिवाळ्यात मोटारी बंद, म्हणून गॅरेजही थंड. तो रिकामा वेळ बॉम्बार्डियर बर्फावरच्या गाडीसाठी द्यायचे. दरवर्षी नवा नमुना करायचे. एक गाडी जड व्हायची आणि रुतायची, दुसरी हलकी व्हायची पण मोडायची. एकट्या माणसाला बसता येईल अशी छोटी गाडी करावी हे त्यांच्या मनात होतं, पण त्या काळी तेवढं हलकं आणि भरवशाचं इंजिनच मिळत नव्हतं. जवळजवळ दहा वर्षं हे प्रयोग चालले. गावातले लोक हसत असतील नसतील, पण काम थांबलं नाही.

१९३४ चा हिवाळा

मग आला १९३४ चा हिवाळा. बॉम्बार्डियर यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन आजारी पडला. अपेंडिक्सचा आजार होता आणि तो पोटात पसरला. तातडीने शस्त्रक्रिया हवी होती. दवाखाना शेरब्रुकला, म्हणजे सुमारे ५० किलोमीटरवर. कळंबहून वर्ध्याला जायला जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढंच. आज आपण हे अंतर एक-सव्वा तासात कापतो. पण त्या दिवसांत तिथले रस्ते बर्फाने गाडले गेले होते. मोटार चालणार नव्हती. घोड्याच्या गाडीने इतकं दूर, इतक्या थंडीत, इतक्या आजारी बाळाला वेळेत नेणं शक्य नव्हतं. आणि बर्फावर चालेल अशी भरवशाची गाडी अजून तयार नव्हती.

इव्हॉन वाचला नाही.

ज्या माणसाने दहा वर्षं बर्फावरच्या गाडीसाठी घासली होती, त्याच्याच लेकराला ती गाडी मिळाली नाही. बापाच्या मनाला काय झालं असेल हे आपण फक्त समजू शकतो. एवढं खरं, की त्यानंतर ते पुन्हा वर्कशॉपमध्ये गेले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी तो प्रश्न सोडवला.

पट्टा आणि दात्यांचं चाक

बर्फावर गाडी का चालत नाही? आपल्या चिखलातही तेच होतं, म्हणून हे नीट समजून घेऊ. चाक जमिनीला तळहाताएवढ्या जागेवरच टेकतं. गाडीचं सगळं वजन त्या इवल्याशा जागेवर पडतं. जमीन मऊ असली की चाक आत जातं. बंडी फसली की आपले शेतकरी काय करतात? चाकाखाली पऱ्हाट्या, फांद्या, दगड घालतात. म्हणजे वजन जास्त जागेवर पसरवतात. विज्ञानाच्या पुस्तकात हेच लिहिलंय : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ वाढवलं की दाब कमी होतो.

आता समजा, या पऱ्हाट्या गाडीने स्वतःच चाकापुढे अंथरल्या आणि मागून उचलून पुन्हा पुढे आणल्या तर? फिरता पट्टा नेमकं हेच काम करतो. गाडी आपला रस्ता आपणच अंथरत जाते.

पट्ट्याची कल्पना बॉम्बार्डियर यांची एकट्याची नव्हती. लोखंडी पट्ट्याचे ट्रॅक्टर आणि रणगाडे आधीपासून होते. फ्रान्सच्या केग्रेस या अभियंत्याने रशियाच्या झारच्या मोटारींना रबरी पट्टे लावले होते. अमेरिकेत फोर्ड मोटारीला बर्फासाठी पट्टे आणि पुढे घसरपट्ट्या बसवून देणारेही होते. पण लोखंडी पट्टा जड असतो, आणि दात्यांमध्ये बर्फ घुसून गोठला की सगळं जाम होतं.

बॉम्बार्डियर यांनी १९३५ च्या सुमारास त्यावर तोड काढली. ज्या दातेरी चाकाने पट्टा फिरतो, त्या चाकावर त्यांनी रबर चढवलं, म्हणजे बर्फ चिकटून बसत नाही. पट्टा केला रबर आणि सुती कापडाचा, त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या. रबरामुळे तो लवचीक झाला आणि सुतामुळे ताणला तरी फाटेना. आपल्या कापसाच्या मुलखातल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं : बर्फावर धावणाऱ्या त्या गाडीच्या पट्ट्यात कापूस होता! पट्ट्याच्या आत ओळीने चाकं बसवली, जेणेकरून वजन एका ठिकाणी न पडता पट्ट्याच्या लांबीवर वाटलं जाईल. पुढे चाकांच्या जागी घसरपट्ट्या. या रचनेचं पेटंट त्यांना २९ जून १९३७ रोजी मिळालं. पुढच्या आयुष्यात त्यांनी अशी सुमारे चाळीस पेटंटं मिळवली.

डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुलं

या रचनेवर बनलेली पहिली विक्रीची गाडी म्हणजे बी-७. बी म्हणजे बॉम्बार्डियर आणि ७ म्हणजे सात माणसं बसतील एवढी जागा. वरून बंद, त्यामुळे आत थंडी वारा नाही. गिऱ्हाईक कोण होतं हे पाहण्यासारखं आहे. खेड्यापाड्यातले डॉक्टर, टपाल नेणारे, धर्मगुरू आणि हिवाळ्यात प्रवासी नेणारे टॅक्सीवाले. ज्या अडचणीत इव्हॉन गेला, त्याच अडचणीतली माणसं आता या गाडीत बसून दवाखान्यात पोहोचू लागली.

मागणी वाढली म्हणून १९४१ मध्ये वर्षाला २०० गाड्या बनतील असा नवा कारखाना सुरू झाला. बी-१२ ही बारा माणसांची मोठी गाडी आली. आधीच्या चाकांच्या आऱ्यांमध्ये बर्फ भरून बसायचा, म्हणून नंतर आऱ्या काढून भरीव पत्र्याची चाकं लावली. तक्रार दिसली की दुरुस्ती, ही त्यांची पद्धतच होती. शाळेच्या मुलांसाठी सी-१८ नावाची आणखी मोठी गाडीही केली. १० जुलै १९४२ रोजी कंपनी रीतसर स्थापन झाली. भाऊही धंद्यात आले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बर्फावरच्या गाड्या बनवाव्या लागल्या.

मग एक मोठा फटका बसला. १९४८ मध्ये क्विबेक सरकारने हिवाळ्यात गावचे रस्ते साफ ठेवायचं धोरण आणलं. लोकांसाठी ही चांगलीच गोष्ट होती, पण कंपनीची विक्री एकदम घसरली. रस्ता मोकळा असेल तर बर्फावरची गाडी कोण घेणार?

बॉम्बार्डियर रडत बसले नाहीत. आपल्याला नेमकं काय येतं, याचा त्यांनी विचार केला. मऊ जमिनीवर न रुतता चालणं, हे आपल्याला येतं. मग बर्फच कशाला हवा? त्यांनी शेतीच्या ट्रॅक्टरला चढवता येतील असे पट्टे बनवले. १९५३ मध्ये मस्केग नावाचा ट्रॅक्टर काढला. कॅनडात दलदलीच्या जमिनीला मस्केग म्हणतात. चिखल, दलदल आणि जंगलात तो चालायचा आणि पुढे अनेक देशांत गेला. पोळ्याच्या आधीच्या दिवसांत आपल्या पांदण रस्त्यांवर असा एखादा असता तर किती बैलांचे हाल वाचले असते!

स्की-डू

तरुणपणीचं एक स्वप्न मात्र बाकी होतं : एका-दोघांना बसता येईल अशी छोटी गाडी. १९५० नंतर हलकी इंजिनं मिळू लागली. मुलगा जर्मेन याने सलग, बिनजोडाचा रबरी पट्टा तयार करण्यात मोठं काम केलं. पट्ट्याला जोडच नसल्याने तो तुटायची भीती कमी झाली. १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे एकच रुंद पट्टा, वर मोटारसायकलसारखी लांब सीट. सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक गाडी त्यांनी उत्तरेकडच्या दूर आदिवासी वस्तीत काम करणारे धर्मप्रचारक मॉरिस विमे यांच्याकडे नेली. तिथे तोवर कुत्र्यांच्या घसरगाड्या चालायच्या. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या. पाच वर्षांत हा आकडा वर्षाला आठ हजारांच्या वर गेला. गरजेसाठी काढलेली गाडी लोक हौसेसाठीही घेऊ लागले.

धक्का कसा कमी होतो?

आता थोडं यंत्राच्या आत डोकावू. स्नोमोबाईलवर बसणाऱ्याचं बरंचसं वजन मागच्या भागावर असतं. म्हणून पाठीला हिसका बसेल की नाही हे मागच्या सस्पेन्शनवर ठरतं. बर्फ दिसायला कापसासारखा, पण वाऱ्याने आणि गाड्यांच्या येण्याजाण्याने त्यावर कडक उंचवटे तयार होतात. नांगरलेल्या वावरातून आडवी सायकल घातली तर काय होतं? तसंच तिथे होतं.

स्की-डूच्या पट्ट्याच्या आत बोगी-चाकांचे संच होते. आपण रेल्वेच्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. दोन चाकं एका दांड्याच्या दोन टोकांना आणि दांडा मधोमध खिळलेला, असं समजा. पुढचं चाक ४ सेंटिमीटर उंच दगडावर चढलं तर दांड्याचा मध्य फक्त २ सेंटिमीटर वर उचलला जातो. म्हणजे धक्का तिथेच निम्मा झाला. वर स्प्रिंग असल्याने तो आणखी मऊ होतो.

पण नुसती स्प्रिंग पुरत नाही. स्प्रिंग दबली की परत उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. झोका एकदा ढकलला की किती वेळ हलत राहतो, तसंच. हे हलणं थांबवायला तेल भरलेला शॉकअप लागतो. तेल बारीक छिद्रातून जाताना अडतं आणि उसळी तिथेच मरते. सुरुवातीच्या छोट्या गाड्यांच्या मागच्या भागात हा शॉकअप नसायचा. चालवणाऱ्याचे गुडघे हाच शॉकअप! पुढे बॉम्बार्डियर यांच्या नंतरच्या काळात बोगी जाऊन लांब सरकपट्ट्या आल्या, हलणारे दांडे आले, शॉकअप आले आणि गाडीला खाली-वर व्हायला जास्त वाव मिळाला. धक्का जितक्या लांब अंतरात जिरतो, तितका तो अंगाला कमी लागतो.

ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे ते लोक आजही तिची मागची बाजू सुधारतात. त्यांचा क्रम शिकण्यासारखा आहे. आधी नवीन काही विकत घ्यायचं नाही. आधी सगळं उकलून धुवायचं, गंजलेले सांधे मोकळे करून ग्रीस भरायचं. कारण सांधाच हलत नसेल तर उत्तम स्प्रिंगही काय करणार? मग चाकांची बेअरिंग हाताने फिरवून पाहायची. शॉकअप तेल गाळतोय का, दाबल्यावर धाडकन परत येतो का, हे पाहायचं. तसं असेल तर तो दुरुस्त करायचा किंवा बदलायचा. स्प्रिंग थकली असेल तर नवी, आणि ती चालवणाऱ्याच्या वजनाला जुळणारी. माणूस बसल्यावर गाडी थोडी खाली बसली पाहिजे. एकूण जेवढं खाली जाता येतं त्याच्या पाव ते एक-तृतीयांश इतकं बसलेलं बरं. अजिबात बसली नाही तर स्प्रिंग फार ताठ, म्हणजे हिसके बसणार. पार तळाला टेकली तर फार मऊ, म्हणजे मोठ्या खड्ड्यात दणका बसणार. पट्टाही फार सैल नको, फार ताणलेला नको. एवढं सगळं करूनही धक्के कमी झाले नाहीत, तरच दुसऱ्या गाडीचं नवं सस्पेन्शन बसवायचा विचार करायचा.

आपल्या घरची जुनी मोटारसायकल काढा आणि हाच क्रम लावून पाहा, अर्थात मोठ्या माणसांना सोबत घेऊन. मागचा शॉकअप किती ताठ ठेवायचा याची खाचांची कडी बहुतेक गाड्यांना असते. एकटे जाताना ती सैल आणि मागे आईला बसवून कापसाचं गाठोडं घेऊन जाताना घट्ट. इतकी साधी गोष्ट, पण वर्षानुवर्षं ती कोणी फिरवत नाही आणि पाठदुखीची तक्रार मात्र रोज करतात.

काहींना वाटेल, गाडीत आराम हवा ही चैन झाली. पण सुरुवातीची ती बंडी आठवा. पोटात फुटलेलं अपेंडिक्स घेऊन निघालेल्या माणसाला, बाळंतपणासाठी निघालेल्या बाईला, पाय मोडलेल्या शेतकऱ्याला विचारा. त्यांच्यासाठी धक्का कमी होणं म्हणजे चैन नाही, जीव वाचण्याचा भाग आहे. गाडी पोहोचली पाहिजे, आणि आतला माणूस धड पोहोचला पाहिजे.

निधन आणि वारसा

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी कर्करोगाने बॉम्बार्डियर यांचं निधन झालं. वय होतं अवघं ५६. कंपनीची धुरा आधी मुलगा जर्मेन आणि १९६६ पासून जावई लॉराँ बोदोआँ यांच्याकडे गेली. १९७४ मध्ये कंपनीला मॉन्ट्रियलच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांचं काम मिळालं आणि ती रेल्वेच्या धंद्यात शिरली. १९८६ मध्ये ती विमानंही बनवू लागली. २००३ मध्ये स्की-डूचा धंदा वेगळा झाला आणि २०२१ मध्ये रेल्वेचा धंदा आल्स्टॉम या कंपनीकडे गेला.

मुंबईला गेलात तर लोकलच्या फलाटावर एखाद्या गाडीला लोक बंबार्डियर म्हणताना ऐकाल. त्या गाडीची वीजयंत्रणा या कंपनीची म्हणून ते नाव पडलं. त्यात बसलेल्या कितीजणांना व्हॅलकोर्टच्या मेकॅनिकची गोष्ट माहीत असेल? आपल्या कळंबलाही २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याहून रेल्वे सुरू झाली. पुढच्या वेळी स्टेशनवर गेलात तर डब्याखाली वाकून, अर्थात लांबूनच, खरी बोगी आणि तिच्या जाड स्प्रिंगा नक्की पाहा. व्हॅलकोर्टला आज त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

आपण काय शिकायचं?

बॉम्बार्डियर यांच्या आयुष्यात एका रात्रीत काही घडलं नाही. पंख्याची गाडी मोडावी लागली, कितीतरी नमुने फसले, मूल गेलं, कायदा बदलला आणि धंदा घसरला. प्रत्येक वेळी ते पुन्हा वर्कशॉपमध्ये गेले आणि एकच प्रश्न विचारत राहिले : आता नेमकं कुठे अडतंय? आऱ्यांत बर्फ भरतोय, मग आऱ्या काढा. दाते गोठताहेत, मग रबर लावा. पट्ट्याचा जोड तुटतोय, मग जोडच नको.

आपल्या गावातही अडचणी आहेत. काही रस्ते अजून कच्चे आहेत, पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातात, बंडी फसते. त्या अडचणी बाहेरचा कोणी येऊन सोडवेल याची वाट न पाहता, गावातल्याच एखाद्या पोराला किंवा पोरीला त्यांच्यावर तोड सुचू शकते. तुमच्यापैकी कोणी पाना घेऊन काही उकलत बसलं असेल, तर घरच्यांनी जरा धीर धरावा. आणि पोरांनीही उघड्या पंख्यापासून लांब राहावं!

थोडक्यात जीवनपट

• १९०७ : व्हॅलकोर्ट येथे जन्म
• १९२२ : पंख्यावर चालणारी घसरगाडी
• १९२६ : स्वतःचं गॅरेज
• १९३४ : मुलगा इव्हॉन याचा मृत्यू
• १९३७ : पट्टा व दात्यांच्या चाकाचं पेटंट
• १९४२ : कंपनीची स्थापना
• १९५३ : मस्केग ट्रॅक्टर
• १९५९ : स्की-डू
• १९६४ : निधन

स्वाध्याय

१. चाकापेक्षा पट्ट्याची गाडी मऊ जमिनीत कमी का रुतते? दाबाच्या सूत्रावरून सांगा.
२. स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या कामात काय फरक आहे?
३. १९४८ नंतर बॉम्बार्डियर यांनी धंदा कसा सावरला?
४. तुमच्या गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पूर्वीच्या बंडीप्रवासाबद्दल दहा ओळी लिहा.
५. पट्टी, खिळा आणि दोन झाकणं घेऊन बोगीचा नमुना बनवा. एक झाकण पुस्तकावर चढवा आणि मधला खिळा किती वर गेला ते मोजून वहीत लिहा.